शुभा, तू काही जागेवाली नाहीस

शुभा, तुझं भूत झालंय असं आपल्या विद्यापीठात म्हणतात.

हसू नकोस. म्हणजे हस, मला ऐकू आलं तर बरंच वाटेल. आणि हे 'तू' कुठून आलं म्हणशील तर सांगते. इतकी वर्षं तुला 'बाई' म्हटलं, अहो-जाहो केलं, वयाने मी मोठी असून. तू भौतिकशास्त्र शिकवणारी, मी खालची कँटीनवाली. तू मला ताई म्हणायचीस, मी तुला बाई. पण आमच्यात देवाला आणि गेलेल्या माणसाला अरे-तुरेच करतात. देव तर तू नाहीस. तेव्हा आता गप ऐकून घे.

तुझी शोकसभा झाली. कुलसचिव परुळेकर साहेबांनी, ज्यांच्या सहीशिवाय आपल्याकडे खडूसुद्धा विकत येत नाही, त्यांनी स्वतः बोलावली. सभागृहात तुझा केवढा तरी फोटो, आणि तो छापला कशावर? फ्लेक्सवर. ज्या फ्लेक्सवरून तू त्यांच्याशी भांड भांड भांडलीस, त्याच फ्लेक्सवर तू. पुष्पगुच्छ प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले. एसी फुल्ल आणि दार सताड उघडं. साहेब म्हणाले, "मॅडमचं कार्य आपण पुढे नेऊ." मी मागच्या रांगेत बसून दाराकडे बघत होते. वाटत होतं, आता येशील, दार ओढून घेशील आणि म्हणशील, "चालू द्या तुमचं, मी फक्त दार लावायला आले."

आली नाहीस. मला रडू तेव्हा आलं, फोटो बघून नाही.

त्याच संध्याकाळची गोष्ट. दिवेलागणीची वेळ. शेवटची पोरं चहा पिऊन गेली होती, भांडी घासून पालथी घातली होती. मी सवयीने तुझा चहा टाकला, बिनसाखरेचा, आणि गाळताना लक्षात आलं. हातात गाळणं तसंच धरून उभी राहिले. आपली इमारत म्हणजे जुनी गिरणी. मधला जिना विहिरीसारखा पोकळ, वर टाचणी पडली तरी खाली कँटीनमध्ये वाजते. आणि त्या पोकळीतून आवाज आला. टप. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, टप. कोणीतरी एकेक पायरी बेताने उतरावी आणि प्रत्येक पायरीवर थांबून विचार करावा, तसा.

ती तुझीच वेळ होती गं. रोज संध्याकाळी तू वरच्या मजल्यावरून निघायचीस आणि एकेक वर्गात डोकावत, पंखे-दिवे बंद करत खाली यायचीस. आम्हाला खालून कळायचं. आधी सगळ्यात वरच्या खिडक्या काळ्या व्हायच्या, मग त्याखालच्या, मग त्याखालच्या. अंधार वरून जिना उतरत यायचा आणि त्याच्या मागोमाग तुझ्या कोल्हापुरी चपला, करकर करकर. मी तुला पहिल्यांदा टोकलं ते त्यावरूनच. "बाई, तिन्हीसांजेला घरात दिवे लावतात, घालवत नाहीत. लक्ष्मी यायची वेळ असते."

"येऊ दे की," तू म्हणालीस. "तिला विजेचं बिल दाखवू. आल्या पावली परत जाईल."

तर त्या संध्याकाळी मी खिडकीतून वर बघितलं. वरचा मजला काळाकुट्ट. तिसराही. कोणी गेलं नव्हतं दिवे घालवायला, मी जिन्यापाशीच होते. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्याही. दिवे घालवणारं माणूस नाही आणि दिवे मात्र गेलेले. मी वॉचमन तिवारीला विचारलं, वर तू जातोस का? तो कानाला हात लावून म्हणाला, "ताई, शाम को ऊपर कौन जाएगा? वो तो मॅडम का टाइम है."

मग काय, आठवडाभरात सगळीकडे झालं. तुझी ती प्राची, एमएस्सीची, जिला तू 'बोलकं यंत्र' म्हणायचीस, ती माझ्या काउंटरला लटकून सांगायला लागली. "मंदामावशी, शप्पथ सांगते, मी स्वतः ऐकलंय. तिसऱ्या मजल्यावर आमचं लेक्चर, आणि वर डोक्यावर टप, टप. सर फळ्याकडे वळले की थांबतं, परत सुरू. सुटल्यावर आम्ही काय केलं माहितेय? सगळे लाईट, सगळे पंखे, खटाखट बंद आणि पळ! चालू राहिले तर मॅडम येतील ना."

"आल्या तर काय करतील? खातील तुला?"

"खाणार नाहीत हो. बघतील. त्या नुसत्या बघायच्या ना, आठवतं? काही न बोलता. माझी तर हवा टाईट."

मला आठवतं. तू ओरडायची नाहीस. चालू पंख्याखाली रिकामा वर्ग दिसला की दारात उभी राहून पंख्याकडे बघायचीस, मग जो कोणी जवळ असेल त्याच्याकडे. बस्स.

मग तिसऱ्या मजल्याच्या छताला ओल आली. आधी हाताएवढी. मग लांबट झाली, वर गोल, खाली पसरट. पोरं म्हणाली, साडी नेसलेली बाई आहे. रोज थोडी वाढते म्हणाली. मी जाऊन बघितलं. खोटं कशाला बोलू, मलाही दिसली. खांद्यावर पदर घेतल्यासारखी, मान एका बाजूला कललेली. तू कुणाचं पटलं नाही की करायचीस तशी. तिच्याखालचा बाक कोणी वापरत नव्हतं. संध्याकाळी खिडकीतून उजेड तिरका यायचा आणि ती ओल चमकायची, जणू आत्ताच कोणी पाण्यातून निथळत उभं राहिलंय.

आणि एक दिवस बघते तर वरच्या जिन्याशी असलेल्या मोठ्या स्विचबोर्डवर हळदकुंकू! वर झेंडूचं फूल, खाली पत्रावळीवर दोन बिस्किटं. तुझ्या स्विचबोर्डवर, शुभा. मी तिथेच मटकन पायरीवर बसले. हसावं की रडावं कळेना. जी बाई दसऱ्याला प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा करायची म्हटलं की सुट्टी टाकायची, तिच्या नावाने हळदकुंकू!

आपलं भांडण आठवलं मला, जे अर्धंच राहिलं.

पण त्याआधी बादली. आपली ओळखच बादलीवरून झाली. दुपारची गर्दी सरली होती आणि तू येऊन माझ्या उष्ट्याच्या बादलीत वाकून बघत होतीस. मला वाटलं, झुरळ सापडलं, आता तक्रार जाणार. तू विचारलंस, "हे कोणी टाकलं?"

"पोरांनी. आणखी कोण?"

"नाही हो ताई. आपण टाकलं. त्यांना हवं त्यापेक्षा जास्त वाढून."

माझ्या तळपायाची आग मस्तकात. कोकणी बाईला सांगतेस कमी वाढ? आमच्यात पानात कमी पडलं तर सात गावं नावं ठेवतात. "बाई, मी काही हात आखडून वाढणारी नाही," मी म्हटलं. तू पण हटली नाहीस. रोज येऊन बादलीत बघायचीस आणि जायचीस. शेवटी मीच तडजोड काढली, आधी निम्मं वाढायचं, पुन्हा मागितलं तर तोंडभरून द्यायचं, त्याचे वेगळे पैसे नाहीत. तू म्हणालीस, "पण पोरं लाजतील मागायला." मी म्हटलं, "मी विचारत फिरेन ना, लग्नाच्या पंगतीसारखी." आणि फिरले. पदर खोचून, हातात भाताचं पातेलं घेऊन, तुझ्या त्या शिकलेल्या पोरांना आग्रह करत. बादली हलकी झाली. तू बघितलंस आणि त्या दिवशी पहिल्यांदा माझा चहा प्यायलीस.

मग तुला पर्यावरण समितीत घातलं. साहेबांची कल्पना म्हणजे सप्ताह. हिरवे टी-शर्ट, प्लास्टिकच्या पिशव्यांतली रोपं, भाषण, फोटो, उसाचा रस कागदी ग्लासातून. मे महिन्याच्या सुट्टीत रोपं वाळून कोळ. तू कँटीनमध्ये येऊन डोकं धरून बसलीस. मी पोळ्यांचं पीठ मळत होते. तू बराच वेळ बघत राहिलीस आणि एकदम विचारलंस, "ताई, मीठ कधी घालता?"

"आत्ता, मळताना. नाहीतर काय, पोळी भाजून झाल्यावर वरून भुरभुरू?"

तू ताडकन उठलीस. दुसऱ्या दिवसापासून तुझं दारोदार फिरणं सुरू. सप्ताह नको, दालन नको, वेगळा विषयही नको. प्रत्येक विभागाला एकच प्रश्न, तुमच्या रोजच्या कामात हे कुठे मळायचं? वाणिज्यची पोरं विजेची बिलं वाचायला लागली. कायद्याच्या पोरांनी कचरा उचलणाऱ्याशी केलेला करार काढला, तर त्यात ओला-सुका वेगळा करायचं कलमच नव्हतं. इतिहासवाल्यांनी गिरणीचा जुना तलाव शोधून काढला, बुजवून वर गाड्या लावत होते त्यावर. तो उपसला, छपरावरचं पाणी त्यात सोडलं. परीक्षा विभागाला कागद दोन्ही बाजूंनी छापायला लावलास तेव्हा तर युद्धच झालं. तू सगळ्यांना मार्क द्यायला लावलेस त्याचे. मी विचारलं, "सवयीला मार्क कशाला?" तू म्हणालीस, "ताई, लहान मुलाला आधी बोट द्यावं लागतं. मग काढून घ्यायचं. त्याला कळू न देता."

एका गोष्टीत मात्र तुझं काही चाललं नाही. संध्याकाळचे वर्ग. एका मजल्यावर एक, दुसऱ्यावर एक, मूठभर पोरांसाठी अख्खी इमारत उजळलेली. तू वेळापत्रक बदलून सगळे वर्ग तळमजल्यावर आणायचे म्हणालीस, साहेबांनी 'बघू' म्हटलं. तोवर तू पायांनी ते काम करत राहिलीस. रोज, वरपासून खालपर्यंत.

भांडण झालं ते असंच एका संध्याकाळी. स्विचवर चिकटवलेल्या सूचना कोणी वाचत नाही म्हणून तू चिडली होतीस. मी म्हटलं, "बाई, सूचना कसल्या लावता, भीती घाला भीती." आणि तुला जागेवाल्याची गोष्ट सांगितली. माझे बाबा ह्याच गिरणीत कामाला. तलावाकाठी पिंपळाखाली शेंदूर फासलेला दगड होता, तो गिरणीचा जागेवाला, म्हणजे त्या जागेचा राखणदार. आमच्या कोकणात प्रत्येक जागेला असतो. तो जागा सोडून कुठे जात नाही, सगळं बघत असतो. बाबा म्हणायचे, "जागेवाल्याक इचारल्याबिगर हय खिळो पण मारू नये." त्याच्या भीतीने तलावात कोणी थुंकत नव्हतं. गावी आमच्या देवराईतली वाळकी काटकी कोणी उचलत नाही, अजून.

तू शांतपणे विचारलंस, "आणि देवराईच्या बाहेरचं रान?"

मी कप विसळायला घेतला.

"ते कोणी तोडलं ताई? त्याच माणसांनी ना? भीतीला कुंपण असतं. राखणदाराची नजर जिथे संपते, तिथून कुऱ्हाड सुरू."

"मग तुमचं ते समजावणं करत बसा. त्याला वेळ लागतो."

"लागतो."

"तेवढा वेळ आहे का तुमच्याकडे?"

तू हसलीस. चहा संपवलास.

आता हे हळदकुंकू बघून वाटलं, घ्या बाई, जिंकले मी. मेल्यावर तू जागेवाली झालीस आणि पोरं सुतासारखी सरळ. परुळेकर साहेब स्वतः कँटीनमध्ये आले, खुर्ची ओढून बसले. "मंदाताई, मी अंधश्रद्धेचा माणूस नाही," म्हणाले. इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "पण चाललंय ते चालू दे. माझ्या परिपत्रकांनी जे झालं नाही ते होतंय. एक दिवा चालू राहत नाही. आता वेळापत्रकात ढवळाढवळ कशाला? समितीही आवरती घेतो पुढच्या बैठकीत. मॅडमच्या नावाने जिन्यात एक छानसा कोपरा करू. फोटो, समई."

"विजेची?"

"अं? हो, विजेचीच. तेल कोण घालणार रोज?"

म्हणजे तुझं सगळं, बिलं, करार, तलाव, मळलेलं मीठ, सगळं गुंडाळून कोपऱ्यात ठेवणार, आणि तुझ्या जागी एक भूत कामाला लावणार, बिनपगारी. मला तिथल्या तिथे बोलायला हवं होतं. बोलले नाही. कारण सांगते, तुलाच सांगते. मला ते भूत हवं होतं.

रोज संध्याकाळी मी तुझा चहा करत होते. काउंटरवर ठेवायचे आणि जिन्याखाली स्टूल टाकून बसायचे. टप. टप. इतरांना काटा यायचा, मला बरं वाटायचं. वर आहेस, येतेच आहेस, उतरतेस. गिरणी बंद पडल्यावर आमच्या चाळीतली माणसं सांगायची, रिकाम्या गिरणीतून माग चालल्याचा आवाज येतो. लोक त्या बाजूच्या खिडक्या लावून घ्यायचे. माझे बाबा तेवढी एकच खिडकी उघडून ऐकत बसायचे. आई वैतागायची. मला आता कळलं ते काय ऐकत होते.

पण तुझी पावलं कधी खाली पोचायचीच नाहीत गं. टप, टप, आणि तू तिथेच. तोच सूर, तेच अंतर. त्या संध्याकाळी मी ऐकत होते आणि एकदम मनात आलं, हिच्या चपला का वाजत नाहीत? करकर कुठे गेली? चहा निवून वर साय धरली होती. मी तो मोरीत ओतला आणि साहेबांच्या खोलीत जाऊन तुझ्या खोलीची किल्ली मागितली. तू गेल्यापासून ती उघडलीच नव्हती कोणी.

"आत्ता? अहो, उद्या सकाळी शिपायाला पाठवतो."

"शिपाई जाईल?"

साहेबांनी खण उघडला. किल्ली दिली.

गुडघे माझे कसे आहेत तुला माहीत आहे. प्रत्येक मजल्यावर दिवा लावत चढले, कठड्याला धरून. तिसऱ्या मजल्यावर वर्गाच्या उघड्या दारातून ती ओलीतली बाई माझ्याकडे बघत होती, आता पायापर्यंत पूर्ण झालेली. वर हवा वेगळी, थंडगार, ओलसर. मातीचा वास. टप आता जिन्यातून येत नव्हतं, समोरून येत होतं, तुझ्या दाराआडून. मी दारावर टकटक केली. हो, केली. कशाला ते विचारू नकोस. आतून टप आलं.

दार उघडलं तर पाय पाण्यात. दिवा लावला. खिडकीतल्या तुझ्या सगळ्या कुंड्या करपून गेलेल्या, एक सोडून. बेसिनवर ठेवलेला तो मनीप्लांट, तो वेड्यासारखा वाढला होता. वेल नळाला वेढे घालून, आरशावर चढून, तुझ्या खुर्चीच्या पाठीपर्यंत पोचला होता. पानं एवढी मोठी, चकचकीत, त्या बंद खोलीत. क्षणभर वाटलं खुर्चीत कोणीतरी हिरवी शाल पांघरून बसलंय. वेलाच्या मुळांनी आणि सडक्या पानांनी बेसिनचं तोंड बुजलेलं, आणि वरच्या नळातून थेंब, त्या मजल्यावर पाण्याला जोर कधीच नव्हता. बेसिन काठोकाठ. प्रत्येक थेंबाला तेवढंच पाणी काठावरून जमिनीवर. टप.

शुभा, तू नळ उघडा ठेवून गेली होतीस.

तू! मी हसलेच, एकटी. आणि मग आठवलं. तो तुझा शेवटचा दिवस, टाकी धुवायला काढली होती, इमारतीत कुठेच पाणी नव्हतं. मुंबईतल्या प्रत्येक माणसाने कधी ना कधी केलेली चूक. नळ उघडायचा, पाणी नाही म्हणून तसाच सोडायचा. त्या संध्याकाळी तू लवकर खाली आलीस, चेहरा उतरलेला. "आज चहा नको ताई, घरी जाते." मी म्हटलं, पाणी तरी घ्या. तू हात हलवून गेलीस, दादरच्या घरी पोचलीस, आणि रात्र काढली नाहीस. म्हणजे तुला वर पाणी हवं होतं. तोंडावर मारायला, घोटभर प्यायला. आणि नळाला नव्हतं. ते आलं तुझ्यामागून, आणि तेव्हापासून गळतंय. अख्ख्या विद्यापीठाने ऐकलं. कोणी वर आलं नाही. तुझ्या भीतीने. पाण्याच्या एका भांड्यासाठी जीव टाकणारी तू, आणि तुझ्या नावाने एवढं पाणी गेलं.

कुंपण, म्हणाली होतीस. भीतीला कुंपण असतं. तुझ्या खोलीच्या दारापाशीच होतं ते.

वेल बाजूला केला आणि नळाला हात लावला. लावला आणि थांबले. खरं सांगते, पिळवेना. एकदा पिळला की आवाज जाणार. खाली स्टुलावर बसून ऐकायला काही उरणार नाही. मी त्या पाण्यात उभी, पावलं गारठलेली, आणि म्हणतेय, अजून एक. अजून एक थेंब. मग तुझी ती नजर आठवली, पंख्याकडे बघायचीस ती. पिळला.

इतकी शांतता मी त्या इमारतीत कधी ऐकली नव्हती.

खोलीतला दिवा घालवून बाहेर आले तर जिना अंधारात. चढताना मी प्रत्येक मजल्यावर दिवा लावला होता गं. एकही चालू नाही. खाली नुसती काळी विहीर. "कोण आहे?" म्हणून ओरडले. खालून कोणीतरी खाकरलं.

"मी, मी. परुळेकर."

"दिवे कोणी घालवले?"

ते पुन्हा खाकरले. मग म्हणाले, "मीच. तुम्ही एकट्या चढलात म्हणून मागोमाग आलो. तुम्ही पुढे गेलात आणि दिवा उगाच जळत होता... हात गेला हो. मॅडमनी बघायच्या आत घालवायची सवय लागलीय." मग अंधारातून अगदी लहान आवाजात, "काय होतं वर?"

"नळ," मी म्हटलं. "उघडा होता. तुमचं भूत दिवे घालवतं ना साहेब, त्याला नळ बंद करता येत नाही. त्याला वर जाणारं माणूस लागतं."

जिना आम्ही चाचपडत उतरलो, साहेब पुढे, मी मागे. बैठक झाली परवा. समिती राहिली. कोपरा रद्द, समई रद्द. वेळापत्रकाला साहेब 'बघू' म्हणाले, आणि 'बघू' म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे, पण ह्या वेळी प्राची समोर बसली होती, आणि ते यंत्र काही बंद पडणारं नाही. तिनेच स्विचबोर्ड ओल्या फडक्याने पुसला. बिस्किटं तिवारीच्या कुत्र्याने आधीच खाल्ली होती. मनीप्लांट तोडू दिला नाही मी. त्याचे तुकडे करून प्रत्येक विभागाला दिलेत, काचेच्या बरण्यांतून. छताची बाई वाळत चाललीय. पाय गेले, आता पदरापर्यंत आहे.

प्राचीने मला विचारलं, "मावशी, भूत नाही कळल्यावर पोरं दिवे घालवतील का हो?"

मी म्हटलं, माहीत नाही. शुभा, तुझं आणि माझं भांडण होतं ते, मी एकटीने कसं मिटवू?

काल संध्याकाळी कँटीनच्या खिडकीत बसले बघत. खिडक्या गेल्या एकेक. काही पटकन, काही रेंगाळत. तिसऱ्या मजल्यावरची एक राहिली. मुलं गेटकडे निघाली, हसत, खिदळत, आता कोणी पळत नव्हतं. ती खिडकी आपली पिवळी, लख्ख. मी उठणार होते, तेवढ्यात गेटपाशी कोणीतरी थांबलं. मागे वळून वर बघितलं. "च्यायला," असं काहीसं ऐकू आलं, आणि ती मुलगी परत फिरली. भ्यालेली नव्हती. कंटाळली होती, पाय ओढत चालली होती. कंटाळली तरी गेली. जिन्यात पावलं वाजली, वर, वर, आणि खिडकी काळी झाली. मग ती खाली उतरली. माझ्या समोरून गेली, अंधारातून. चपला करकर वाजत होत्या.

चष्मा काउंटरवरच होता, हाताशी. कोण ते बघायला मी तो लावला नाही.

जागेवाला जागा सोडत नाही, शुभा. तू सोडलीस. तू जागेवाली नाहीस, मी सगळ्यांना तसं सांगितलंय.

चहा मात्र सवयीने झालाच होता तुझा. मोरीपाशी नेला, आणि तुझी नजर आठवून परत फिरले. बसून प्यायले, बिनसाखरेचा. काय कडू गं! इतकी वर्षं कसा पीत होतीस देव जाणे. संपवला.